नाचणीचा केक मधोमध का बसतो?

धागाकर्ती: लेकीच्या डब्यासाठी मैदा टाळून नाचणीचा केक करतेय. ओव्हन नाही, जुन्या ५ लिटरच्या कुकरात करते. तळाशी मीठ, त्यावर ताटली, शिट्टी आणि रिंग काढून. १ वाटी नाचणीचं पीठ, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल, अर्धा चमचा खायचा सोडा. फुगतो झकास, पण गार झाला की मधोमध खड्डा, आणि सुरी लावली की भुगा! सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, दुधात कालवून खाऊ, सत्त्व समजून." काय चुकतंय?

प्रतिसाद १: नाचणीत ग्लूटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) नसतं, त्यामुळे फुगलेलं धरून ठेवायला काही नाही. अर्धी नाचणी, अर्धी कणीक घ्या. सोडा घातल्यावर किती वेळ थांबता?

धागाकर्ती: अगंबाई! सोडा घालून मग मी डबा शोधते, तेल लावते... दहा मिनिटं सहज.

प्रतिसाद २: तिथेच हवा गेली. दह्याशी सोडा लगेच फसफसतो. डबा आधी तयार, कुकर १० मिनिटं तापलेला, सोडा शेवटी. आणि गूळ म्हणजेही साखरच हं. अर्धी वाटी पुरे, एक पिकलं केळं कुस्करून घाला.

धागाकर्ती: काल केला. मंद आचेवर ४० मिनिटं, विणकामाची सुई कोरडी निघाली. खड्डा नाही! फक्त धीर न धरता गरमच कापला, तर एक कड तुटली. सासूबाईंनी ती दुधात बुडवून खाल्लीच.