मदत हवी आहे: डीएसजी की मॅन्युअल? शनिवारपर्यंत ठरवायचंय

चौथा_गिअर | मंगळवार, रात्री ११.४०
मंडळी, सरळ प्रश्न आहे. इंजिन तेच, किंमतही जवळपास तीच. एकीत डीएसजी (डबल क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), दुसरीत सहा गिअरची मॅन्युअल. परफॉर्मन्सच्या दृष्टीने कोणती घ्यावी? यूट्यूबवर सगळे शेवटी "ज्याची त्याची आवड" म्हणून मोकळे होतात, ते उत्तर नको. शनिवारी टोकन द्यायचंय. एका वाक्यात सांगितलंत तरी चालेल.

घाटवेडा | रात्री ११.५२
गाडी कोणती ते लिहायचं राहिलं.

नाना_सातारकर | बुधवार, सकाळी ६.१०
मॅन्युअल.
(तुम्ही एक वाक्य मागितलंत, मी एका शब्दात दिलं.)

चौथा_गिअर | सकाळी ८.३०
१.५ टीएसआय हो, फोक्सवॅगन-स्कोडाचं टर्बो पेट्रोल इंजिन. अजून कुठली असणार?

घाटवेडा | सकाळी ८.४१
व्हर्टस, स्लाव्हिया, टायगून, कुशाक, चौघींत तेच इंजिन आहे. नवी की जुनी? रोजचा रस्ता कुठला? घरात आणखी कोण चालवणार?

चौथा_गिअर | सकाळी ९.०५
डीएसजी ती व्हर्टस जीटी, मॅन्युअल ती स्लाव्हिया. दोन्ही चाकणलाच बनतात, आतून एकच समजा. रोज कोथरूड ते हिंजवडी. पण त्याचा इथे काय संबंध? मी परफॉर्मन्सबद्दल विचारतोय, ट्रॅफिकबद्दल नाही.

नाशिकची_आरएस | सकाळी ९.३०
१५० पीएसला परफॉर्मन्स म्हणणारे लोक अजून आहेत हे बघून बरं वाटलं :)
माझ्याकडे २०१७ ची ऑक्टेव्हिया आरएस आहे, २३० पीएस. ती भारतात मॅन्युअलमध्ये मिळतच नव्हती, त्यामुळे हा छळ माझ्या वाट्याला आला नाही. कसारा घाटात पुढे कंटेनर रांगतोय, उजवीकडे जागा मिळाली, स्टिअरिंगमागचं डावं पॅडल दोनदा ओढून दोन गिअर उतरवले की काम झालं. मॅन्युअलवाल्याचा पाय तोवर क्लचपर्यंत पोचतो. डोळे झाकून डीएसजी घ्या.

नाना_सातारकर | सकाळी ९.४४
२००४ साली आपल्याकडे आलेली पहिली ऑक्टेव्हिया आरएसही १५० चीच होती, पाच गिअरची मॅन्युअल. तेव्हा तिला कोणी हसलं नव्हतं.

टॉर्करेंच | सकाळी ११.२०
आरएसवाले, तुमच्या डीएसजीत आणि व्हर्टसच्या डीएसजीत नावापलीकडे फार साम्य नाही. तुमचा डीक्यू२५०, सहा गिअर, क्लच तेलात बुडालेले, ३५० न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) झेपणारा. २००३ मध्ये गोल्फ आर३२ मधून पहिल्यांदा रस्त्यावर आला तो हाच. व्हर्टसमध्ये डीक्यू२०० आहे. सात गिअर, क्लच कोरडे, मर्यादा २५० न्यूटन मीटर. आता १.५ टीएसआय देते किती? बरोब्बर २५०, तेही १६०० आरपीएमपासून. भांडं काठोकाठ भरूनच हातात दिलंय.

कोरडा क्लच वाईट असतो असं मी म्हणत नाही. तेल घुसळण्यात ताकद जात नाही, गिअरबॉक्स हलका राहतो, पेट्रोल वाचतं. पण उष्णता वाहून न्यायला तेलच नाही. गिअर पूर्ण लागलेला असेल तर काही बिघडत नाही, हायवेवर दिवसभर पळवा. त्रास होतो तो सरपटताना. ब्रेक नीट दाबून थांबलात तर क्लच सुटा असतो. ब्रेक अर्धवट सोडून गाडी इंच-इंच सरकवत राहिलात की क्लच अर्धा लागलेला, अर्धा घसरत असतो, आणि तापत असतो. म्हणून घाटवेडा यांनी रोजचा रस्ता विचारला. संबंध आहे.

वेगाचं म्हणाल तर एका क्लचवर १-३-५-७, दुसऱ्यावर २-४-६. तुम्ही तिसऱ्यात असताना संगणकाने चौथा लावून ठेवलेला असतो, फक्त एक क्लच सोडून दुसरा पकडायचा. हे माणसाला जमणार नाही, वाद नको. पण तो चौथा लावून बसलाय आणि तुम्हाला अचानक दुसरा हवा झाला, की अंदाज चुकतो आणि गाडी क्षणभर अडखळते. सहाव्यातून थेट चौथ्यात यायचं तर दोन्ही एकाच क्लचवर, म्हणजे मध्ये पाचव्याचा आधार घ्यावा लागतो. घाटात ओव्हरटेक करण्याआधीच पॅडलने गिअर उतरवून ठेवायची सवय लावली तर हे जाणवतही नाही.

चौथा_गिअर | सकाळी ११.३१
माहितीबद्दल धन्यवाद, पण म्हणजे डीएसजी की मॅन्युअल?

टॉर्करेंच | सकाळी ११.३३
किती किलोमीटर झालेत? वॉरंटी शिल्लक आहे? सर्व्हिसचे कागद? आणि गाडी स्टॉक आहे ना, म्हणजे कंपनीतून आली तशीच?

सिंहगड_रोड | दुपारी १.१५
माझी आधीची गाडी कोरड्या डबल क्लचची होती, कंपनीचं नाव घेत नाही. मे महिन्यात राजाराम पुलाजवळ तासभर अडकलो आणि डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला. इंजिन बंद करून कडेला उभा, मागून हॉर्न. "पुढे अंतर पडू द्या, मग एकदम जा" हा सल्ला वाचायला छान आहे. पुण्यात अंतर पडू दिलं की त्यात दोन रिक्षा आणि एक ॲक्टिव्हा शिरते. मॅन्युअल घ्या.

नाशिकची_आरएस | दुपारी १.२२
एका गाडीवरून सगळ्यांना शिक्षा? विदा द्या.

सिंहगड_रोड | दुपारी १.२५
विदा टो ट्रकवाल्याकडे आहे.

टॉर्करेंच | दुपारी १.५०
भांडू नका. डीक्यू२०० चा जुना लौकिक हवेतून आलेला नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या गाड्या परत बोलावून त्यातलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घातलं होतं. उष्ण आणि दमट हवेत सिंथेटिक तेलामुळे आतल्या विजेच्या भागात बिघाड होत होता. (तेल गिअरला असतंच, कोरडे आहेत ते फक्त क्लच. पुढचा प्रश्न तोच येणार म्हणून आधीच लिहिलं.) ते २०१३ होतं. आताच्या गाड्यांना सरसकट तोच शिक्का मारणं बरोबर नाही.

वीजवाला | दुपारी २.१०
२०२५ उलटून गेलं तरी गिअरवर चर्चा? इलेक्ट्रिक घ्या. एकच गिअर, प्रश्नच मिटला. सोसायटीत चार्जर बसवायला कमिटीकडून परवानगी कशी घ्यायची यावर माझा वेगळा धागा आहे, जरूर वाचा.

मीरा_म्युनिक | दुपारी २.४५
घरात ज्यांना पुढे परदेशी जायचंय त्यांच्यासाठी सांगते. जर्मनीत भारतीय परवाना सहा महिनेच चालतो, मग लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा दोन्ही द्याव्या लागतात. नुसती ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलीत तर परवान्यावर ७८ हा आकडा येतो आणि मॅन्युअल चालवता येत नाही. एप्रिल २०२१ पासून बी१९७ ची सोय झाली. मॅन्युअलवर किमान दहा तास शिकायचं, शिक्षकाने ते तपासायचं, परीक्षा ऑटोमॅटिकवर. तेव्हा मॅन्युअलची सवय मोडू देऊ नका.

चौथा_गिअर | दुपारी २.५१
ताई, मी कोथरूडमध्येच राहणार आहे.

लाल_रेषा | दुपारी ३.३०
मूळ विषयावर येऊ या. परफॉर्मन्समध्ये मॅन्युअल मेलेली नाही याचा पुरावा पोर्शने दिलाय. २०१३ ची ९११ जीटी३ फक्त पीडीके, म्हणजे त्यांचा डबल क्लच. चाहते भडकले. २०१६ मध्ये ९११ आर आली ती फक्त मॅन्युअल, आणि २०१७ च्या जीटी३ ला मॅन्युअलचा पर्याय परत मिळाला. कंपनीचेच आकडे: ० ते १०० पीडीकेला ३.४ सेकंद, मॅन्युअलला ३.९. कमाल वेग पीडीकेचा ३१८, मॅन्युअलचा ३२०.

नाना_सातारकर | दुपारी ३.४०
म्हणजे शेवटी मॅन्युअलच पुढे. धागा बंद करा.

नाशिकची_आरएस | दुपारी ३.४२
नाना, ते दोन किलोमीटर गाठायला खंबाटकीत धावपट्टी बांधावी लागेल. अर्धा सेकंद मात्र सिग्नलला सुद्धा दिसतो.

लाल_रेषा | दुपारी ३.५८
आणि बीएमडब्ल्यूने तर आताच्या एम३-एम४ मध्ये डबल क्लच सोडलाच. आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी द्रवातून ताकद पोचवणारी ऑटोमॅटिक) घेतला आणि काही बाजारपेठांत सोबत सहा गिअरची मॅन्युअल ठेवली. म्हणजे डबल क्लच हा मधल्या काळाचा खेळ होता.

टॉर्करेंच | दुपारी ४.१०
असहमत. पोर्श अजून पीडीके विकतेच आहे. टॉर्क कन्व्हर्टर आता इतका चपळ झालाय की फरक उरला नाही, शिवाय रस्त्यावर तो मऊ चालतो. आणि या कशाचाही कोथरूडशी संबंध नाही. धागाकर्ते, माझे चार प्रश्न तसेच पडलेत.

नाना_सातारकर | दुपारी ४.३०
अवांतर: जुन्या एसटीचे ड्रायव्हर गिअर बदलताना दोनदा क्लच दाबायचे, मध्ये न्यूट्रलमध्ये रेस द्यायचे. आंबेनळीत भरलेली गाडी अशी उतरवायचे की मागच्या सीटवरच्या म्हातारीला जाग येत नसे. आता त्याला रेव्ह मॅचिंग म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

घाटवेडा | दुपारी ४.३४
नाना, यावर वेगळा धागा काढाच. वाट बघतो.

चौथा_गिअर | सायंकाळी ७.२०
ऑफिसात होतो. घ्या उत्तरं. व्हर्टस २०२२ ची, ४१ हजार किमी. स्लाव्हिया २०२३ ची, २८ हजार. दोघींचे सर्व्हिसचे कागद आहेत. "स्टॉक आहे ना" म्हणजे काय, व्हर्टसला स्टेज १ रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) केलेलं आहे. म्हणून तर परफॉर्मन्स लिहिलं! मालक म्हणतो टॉर्क ३०० च्या वर गेलाय. स्लाव्हिया साधीच आहे.

घाटवेडा | सायंकाळी ७.२२
राव, हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं.

सिंहगड_रोड | सायंकाळी ७.२३
🙏

टॉर्करेंच | सायंकाळी ७.५५
मग प्रश्नच बदलला. तुम्ही डीएसजी की मॅन्युअल ठरवत नाही आहात. २५० च्या मर्यादेच्या गिअरबॉक्सवर ३०० च्या वरचं इंजिन कोणी किती दिवस आणि कसं चालवलं, हे विकत घेताय. रीमॅप केलेली प्रत्येक डीक्यू२०० उद्याच बसेल असं नाही, संयमाने चालवणाऱ्याची टिकतेही. पण "मालक संयमी होता" हे कुठल्याही सर्व्हिस बुकात लिहिलेलं नसतं. मॅन्युअललाही जादा टॉर्क दिला की क्लच घसरतो, पण क्लच प्लेट बदलणं आणि डबल क्लच किंवा मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्सचा नियंत्रण करणारा भाग) बदलणं यांच्या बिलांत फार मोठं अंतर आहे.

तरी व्हर्टसच हवी असेल तर टोकनआधी ओबीडी स्कॅन, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचून घ्या. गिअरबॉक्सचे जुने फॉल्ट कोड, दोन्ही क्लचची ॲडॅप्टेशन व्हॅल्यू (क्लच किती झिजलाय त्याचा अंदाज देणारा आकडा), तापल्याच्या नोंदी. कोड नुकतेच पुसलेले दिसले तर तेही उत्तरच. मग गार गाडी चढावर उभी करून अगदी हळू सोडा, पुढे आणि रिव्हर्समध्येही. थरथर आली तर परत या. गरम झाल्यावर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना पुन्हा तेच बघा. आणि स्टॉक फाइल (इंजिनचं मूळ सॉफ्टवेअर) कोणाकडे आहे ते विचारा.

कलम_पन्नासदोन | रात्री ८.१५
विम्याचं कोणी बोललंच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाहीत. रीमॅप विमा कंपनीला कळवलं नसेल तर दाव्याच्या वेळी वाद उभा राहू शकतो, आणि तेव्हा गाडी तुमच्या नावावर असेल. वॉरंटीचंही तसंच, शिल्लक असली तरी मिळेलच असं नाही.

नाशिकची_आरएस | रात्री ८.२०
मी डीएसजीवालाच आहे, पण स्टेज १ ची कोरड्या क्लचची जुनी गाडी मीही घेणार नाही. स्लाव्हिया बघा.

चौथा_गिअर | गुरुवार, दुपारी १२.१०
मालकाला फोन केला. स्टॉक फाइल "ट्यूनरकडे असेल" म्हणाला, ट्यूनर आता दुबईत आहे. स्कॅन चालेल, पण आधी टोकन, परत मिळणार नाही.

टॉर्करेंच | दुपारी १२.१४
सोडा.

वीजवाला | दुपारी १२.२०
अजूनही वेळ गेलेली नाही.

चौथा_गिअर | दुपारी १२.४५
स्लाव्हिया उद्या संध्याकाळी बघायला जातोय, पिंपरी-चिंचवडला. तिचंही स्कॅन करू का? आणि कोणाकडे स्कॅनर असेल आणि यायची तयारी असेल तर सांगा, चहा माझ्याकडून.

टॉर्करेंच | दुपारी १२.५२
स्कॅन करायचंच, साधी असली तरी. शिवाय चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण रेस द्या. आरपीएम चढले आणि वेग नाही चढला, तर क्लच संपत आलाय, किमतीत पाडून मागा. स्कॅनर माझ्याकडे आहे, येतो. पिंपरी-चिंचवड फार मोठं आहे, नक्की कुठे आणि किती वाजता?