अनुभव धागा : खोटी बातमी तुमच्या घरात कोणी आणली?

ऐकीव किस्से नकोत, स्वतःचा अनुभव लिहा. खोटा मजकूर कोणाकडून आला, तो खरा का वाटला आणि कळल्यावर काय केलंत, एवढं सांगा. सुरुवात मी करते, कारण आमच्या घरात तो मीच आणला.

बाबांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. ‘चाळीस दिवसांत गोळ्या कायमच्या बंद’ असा मेसेज मला आला, खाली कोणा मोठ्या डॉक्टरांचं नाव. कामाच्या गडबडीत मी तो अर्धाच वाचला. वर दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो आधीच बऱ्याच हातांतून फिरून आलेला. असे मेसेज एप्रिल २०२० पासून व्हॉट्सअ‍ॅपवर एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतात. मला तो बाबांना आणि दोन्ही मावश्यांना पाठवायचा होता, म्हणून मी तीनदा पाठवला. आपल्याला का अडवलं जातंय, हा प्रश्न मनात आलाच नाही.

तीन आठवड्यांनी कात्री शोधायला खण उघडला, तर आत गोळ्यांच्या स्ट्रिप जशाच्या तशा. एकही गोळी फोडलेली नव्हती. साखर तपासली, ४१२. ‘अगं, तूच पाठवलंस ना ते?’ बाबा म्हणाले. त्या डॉक्टरांचं नाव त्यांच्या लक्षातही नव्हतं.

*

वाचून पोटात गोळा आला. बाबा आता बरे असतील अशी आशा करतो.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका सकाळी सरांच्या फोटोखाली श्रद्धांजली आली. मी हात जोडल्याची खूण टाकली आणि दोन ओळी लिहिल्या. दुपारी सरांच्या मुलाचा फोन आला. सर ठणठणीत होते, घरी बसून ते सगळे मेसेज वाचत होते. गेलेले गृहस्थ त्याच नावाचे दुसरेच. मी माफी मागायला गेलो, तर सरांनी माझ्या दोन ओळी मला वाचून दाखवल्या आणि म्हणाले, ‘हे इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीस.’ त्यापुढे मला बोलता आलं नाही.

*

फोटोबद्दल एक सांगते, कारण मी यात फसले आहे. पूल कोसळल्याचा फोटो ‘आत्ताचा’ म्हणून आला. गॅलरीत तारीखही आजचीच दिसली, मग शंका कशाला घ्यायची? नंतर कळलं की ती तारीख फोटो माझ्या फोनमध्ये उतरल्याची. अशा अ‍ॅपमधून येताना मूळ तारीख आणि जागेची माहिती सहसा गळून जाते. आता फोटो गूगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठे छापून आलाय का, ते पाहते. तो फोटो कित्येक वर्षं जुना आणि भलत्याच देशातला निघाला.

*

मी लसीकरण विभागात परिचारिका आहे. लशीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) होते, ही भीती अजून येते, तीही फोनवरच्या स्क्रीनशॉटच्या रूपात. तिचं मूळ १९९८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका लेखात आहे. अभ्यास अवघ्या १२ मुलांचा. २०१० मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला, मुख्य लेखकाचा वैद्यकीय परवानाही गेला. मागे घेतल्याचा स्क्रीनशॉट मात्र मला आजवर कोणी दाखवलेला नाही.

पूर्वी मी हे सगळं धडाधडा सांगायचे आणि आया गप्प होऊन निघून जायच्या. एकदा एका आईला नुसतं विचारलं, ‘तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?’ ती रडायला लागली. तिच्या भाच्याला स्वमग्नता होती आणि घरात त्यावर कोणी बोलत नव्हतं. आम्ही पाऊण तास बसलो. लस तिने पुढच्या आठवड्यात दिली.

*

मी वृत्तपत्रात चुका दुरुस्त करण्याच्या कामावर होतो. ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात २०१८ साली एक अभ्यास आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या त्यात तपासल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त, आणि १,५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ. मला सगळ्यात लागलं ते हे, की हा फरक आपोआप चालणाऱ्या खात्यांनी (बॉट) नाही, माणसांनी पाडला होता. नवीन आणि धक्कादायक ते आपण हौसेने वाटतो. दुरुस्तीत नवीन काय असतं? म्हणून ती मी ज्याने पाठवलं त्याला आधी खासगीत कळवतो. चारचौघांत खोडून काढलं की माणूस हट्टाला पेटतो.

*

मुलाच्या आवाजात रडत फोन आला, अपघात झालाय, पैसे पाठव. आवाज हुबेहूब त्याचाच. हात थरथरत होते, तरी फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर लावला. तो वर्गात होता. आता आम्ही घरात ओळख पटवायला एक शब्द ठरवलाय, तो इथे लिहीत नाही.

*

धागा सुरू करणारी मीच. बाबांची साखर आता आटोक्यात आहे, गोळ्या पुन्हा सुरू आहेत. खासगीत कळवण्याबद्दल वाचलं आणि काल दोन्ही मावश्यांना फोन केला. थोरलीने मेसेज उघडलाच नव्हता. धाकटी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अगं, मी तो त्याच दिवशी पुढे पाठवला. कोणाकोणाला, ते आता आठवत नाही.’