मिश्र दुहेरी कर्लिंग "पातळ आमटी"? रोखठोक यांना उत्तर

हिमवाट (कॅल्गरी)

परवा रोखठोक यांनी लिहिलं होतं: "मिश्र दुहेरी कर्लिंगचं जागतिक अजिंक्यपद म्हणजे खऱ्या खेळाची पातळ केलेली आमटी. दोनच माणसं, जोडीला टाकायला पाचच स्टोन, वर दोन्ही बाजूंचा एकेक आधीच मांडून ठेवलेला. बायकांना सामावून घ्यायला आणि टीव्हीच्या वेळेत बसवायला काढलेली सोय." तिथेच दोन ओळी लिहायला बसले होते. राग आला, लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतेय. नवख्यांसाठी: कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड (स्टोन) सरकवून पलीकडच्या वर्तुळाच्या (हाऊस) मध्याजवळ थांबवायचा खेळ. दोन्ही बाजूंचे दगड टाकून झाले की एक एंड, म्हणजे एक डाव. मिश्र दुहेरीत जोडी एक बाई आणि एक पुरुष अशी.

मी सात हिवाळे क्लबात खेळतेय. चौघांच्या संघात तीन वर्षं, दुहेरीत चार. म्हणून आधी हिशोब. चौघांच्या मोठ्या सामन्यात दहा एंड आणि प्रत्येकाला एंडमागे दोन स्टोन, म्हणजे वीस. दुहेरीत आठ एंड. एक जण पहिला आणि पाचवा टाकतो, दुसरा मधले तीन. म्हणजे एकाला सोळा आणि दुसऱ्याला चोवीस. कमी कुठे आलं? वर स्विपिंगला, म्हणजे दगडापुढचा बर्फ ब्रशने घासायला, वेगळी माणसं नाहीत. स्टोन हातातून सुटला की गुडघ्यावरून उठायचं आणि आपल्याच स्टोनमागे ब्रश घेऊन पळायचं. वीस किलोच्या आसपासचा दगड असतो तो. आठव्या एंडला मांड्या बोलायला लागतात.

आणि मांडलेले स्टोन! रोखठोक, खेळ सोपा करायला नाही ठेवलेले ते. चौघांच्या खेळात आघाडी मिळाली की समोरचे गार्ड (आड लावलेले दगड) उडवत बसायचं, सगळं रिकामं करायचं, एंड कोरा (बिनगुणांचा) सोडून हॅमर, म्हणजे शेवटचा दगड टाकायची संधी, आपल्याकडेच राखायचा. इथे टाकलेल्या पहिल्या तीन स्टोननी कुठलाच दगड बाहेर काढता येत नाही. एंड कोरा सुटला तर पुढच्या एंडला ते दोन स्टोन कसे मांडायचे हे ठरवायचा हक्क समोरच्याकडे जातो. लपायला जागाच नाही. एका एंडमध्ये सहा गुण जाऊ शकतात, त्यामुळे तीनची आघाडी असली तरी पोटात गोळा असतो.

आणि "खऱ्या खेळात" ज्यांना कुणी विचारत नाही त्यांचं बघा. हंगेरीची पालांचा-किश जोडी २०१३ मध्ये फ्रेडरिक्टनला आणि २०१५ मध्ये सोचीला जगज्जेती झाली. चौघांच्या कर्लिंगमध्ये हंगेरीचं नाव कधी ऐकलंय?

रोखठोक (पुणे)

सोळा-चोवीसचा हिशोब बरोबर आहे. तो मी केला नव्हता, मान्य.

पण हंगेरीचा दाखला तुमच्याच विरोधात जातो. ऑलिंपिकने हा प्रकार घ्यायचं ठरवलं २०१५ च्या जूनमध्ये. तोवर मोठ्या देशांचे पहिल्या फळीतले खेळाडू इकडे फारसे फिरकत नव्हते. ते आले आणि हंगेरी गायब. त्यानंतरचे २०२५ पर्यंतचे विजेते मोजा: रशिया, स्वित्झर्लंड, परत स्वित्झर्लंड, स्वीडन, स्कॉटलंड, परत स्कॉटलंड, अमेरिका, स्वीडन, इटली. जिंकणारे कोण? बहुतेक चौघांच्या खेळात तयार झालेले. २०१९ ची विजेती, स्वीडनची आना हासेलबोर्ग आदल्याच वर्षी चौघींच्या संघाची ऑलिंपिक विजेती कर्णधार. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला इटलीच्या मोसानेरने दुहेरीत सुवर्ण घेतलं आणि त्याच वर्षी पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत संघाकडून कांस्यही. स्वीडनच्या ऑस्कर एरिक्सनचं तर बीजिंगलाच, संघात सुवर्ण आणि दुहेरीत कांस्य. विद्या एकीकडे शिकायची आणि पदक दोन्हीकडे घ्यायचं.

क्रिकेटमध्ये मी हे डोळ्यांदेखत पाहिलंय. आधी छोटा प्रकार "जोडीला" येतो, मग मोठ्याला गिळतो. लहानपणी पाच दिवस रेडिओ कानाला लावून बसायचो. आज माझ्या मुलाला कसोटीतलं एक सत्र धड बघवत नाही. म्हणून मला ही भीती वाटते, आणि ती खरी आहे.

शटलराणी (डोंबिवली)

कर्लिंग मी दोन ऑलिंपिकपुरतंच पाहिलंय. पण "बायकांना सामावून घ्यायला" हे वाचून गप्प बसवेना.

नऊ वर्षं आमच्या हॉलवर मिश्र दुहेरी बॅडमिंटन खेळतेय. नऊ वर्षं "नेटपाशी थांब" ऐकतेय. मागे उंच आलेलं शटल माझ्या रॅकेटच्या टप्प्यात असलं तरी मागून आवाज येतो, "सोड, माझं!" मी सोडते. तो मारतो. नेटमध्ये गेलं तर म्हणतो, "तू मध्ये आलीस." गेल्या वर्षी एका स्पर्धेच्या उपांत्य फेरीत एकोणीस-वीस असताना मी सोडलं नाही, मारलं, पॉइंट आला. आणि सामना झाल्यावर बोलणी कुणी खाल्ली? मीच. "नशीब म्हणून लागलं."

हिमवाट, मला एकच सांग. तुमच्याकडे ठरवतं कोण?

खो_द्या (सांगली)

मुद्दा बाजूला राहतोय. बर्फावर दगड सरकवायच्या खेळाला ऑलिंपिकमध्ये तीन-तीन सुवर्णपदकं, पुरुष, महिला, मिश्र. आणि आमचा खो-खो? २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं १९३६ ला बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवून आली होती, त्याला नव्वद वर्षं होत आली. मी बावीस वर्षं पोरांना मातीत शिकवतोय. मॅट मागितली की फाइल वर जाते आणि वरच राहते. तुम्ही खुशाल स्टोन मोजा.

हिमवाट

खो_द्या, तुमचं दुखणं खरं आहे. पण कर्लिंगचं एक पदक कमी झालं म्हणून तुम्हाला मॅट मिळणार नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

शटलराणी, तुझा प्रश्न नेमका आहे. चौघांच्या संघात स्किप असतो, तो हाऊसमध्ये उभा राहून सांगतो, बाकीच्यांनी ऐकायचं. दुहेरीत एक टाकतो तेव्हा दुसरा लाइन (दगडाची दिशा) बघतो, मग अदलाबदल. एकट्याने ठरवायची सोयच नाही. आणि बऱ्याच जोड्यांत पहिला आणि शेवटचा स्टोन बाईचा असतो. स्विपिंगला अंगाचं वजन ब्रशवर टाकावं लागतं म्हणून पुरुषाला मधल्या तीनवर ठेवतात, पण एंडचा निकाल लावणारा दगड तिच्या हातात. "सोड, माझं" म्हणायला कुणी मध्ये येऊच शकत नाही.

आता घरचं सांगते. पहिल्या हंगामात मी नवऱ्याबरोबर खेळले. शेवटचा स्टोन माझा, आणि माझ्या मनात शांत ड्रॉ, म्हणजे दगड हळूच आणून हाऊसमध्ये थांबवायचा. तो हाऊसमधून ओरडतोय, "जोरात मार, उडव!" मी त्याचं ऐकलं. स्टोन सगळ्यातून आरपार गेला, सामना गेला. बाहेर उणे पंचवीस आणि गाडीत आम्ही दोघं, घर येईपर्यंत एक शब्द नाही. पुढच्या आठवड्यात त्याने आपणहून विचारलं, "तुला काय दिसतंय?" सात वर्षांत त्याने खेळाबद्दल बोललेलं सगळ्यात मोठं वाक्य ते. रोखठोक, याला तुम्ही "सामावून घेणं" म्हणता?

रोखठोक

शब्द चुकला असेल, मुद्दा चुकलेला नाही. आणि शटलराणी, तुमच्या जोडीदाराचा राग माझ्यावर का? मी त्याला ओळखत नाही. आपण जागतिक स्पर्धेबद्दल बोलतोय, डोंबिवलीच्या हॉलबद्दल नाही.

शटलराणी

डोंबिवलीच्या हॉलमधूनच खेळाडू वर जातात, आकाशातून पडत नाहीत. तुमच्या मुलाला कसोटी बघवत नाही हे इथे चालतं, आणि माझा अनुभव आला की "जागतिक स्पर्धेबद्दल बोलतोय"? बॅडमिंटनची मिश्र दुहेरी १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. एवढ्या वर्षांत कुणी तिला पातळ आमटी म्हटलेलं मी ऐकलं नाही, कारण तिथे बाई नेटपाशी आणि पुरुष मागे हे सगळ्यांच्या डोळ्यांना सवयीचं आहे. जिथे शेवटचा दगड बाईच्या हातात आला तिथेच तुम्हाला खेळ पातळ वाटला.

रोखठोक

हे माझ्या तोंडी घालू नका. शेवटचा स्टोन कोण टाकतं हे मला आत्ता, याच धाग्यावर कळलं.

शटलराणी

मग न कळता लिहिलंत कशाला?

एडिनबर्गकर

जरा दमाने घ्या दोघेही. मी रोखठोकच्या बाजूचा, पण कारण वेगळं आहे.

मी इथे चौघांचा खेळतो, माझ्यासाठी जीव आहे तो त्यातल्या बोलण्यात. टाकणारा वजन (दगडाचा वेग) सांगतो, स्विपर घसा फोडून वेळ सांगतात, पलीकडून स्किप "थांबा, थांबा, आता!" करतो. एका स्टोनमागे चार डोकी. गेल्या हिवाळ्यात आमचा सत्तरीचा स्किप आजारी पडला, त्याच्याशिवाय चार सामने खेळलो तेव्हा कळलं की आम्ही त्याच्या डोळ्यांनी खेळत होतो. दुहेरीत ती वीण नाही. तिथे दोन चपळ माणसं आणि एक घड्याळ.

स्कॉटलंडने दुहेरीचं अजिंक्यपद लागोपाठ घेतलं, २०२१ ला ॲबरडीनमध्ये डॉड्स-मोवॅट आणि २०२२ ला जिनिव्हात म्युरहेड-लॅमी. मी टाळ्या वाजवल्या. पण ईव्ह म्युरहेड म्हटलं की मला आठवतं ते बीजिंगचं चौघींचं सुवर्ण.

मधली_सुट्टी (मेलबर्न)

एडिनबर्गकर, चार डोकी हवीत हे कबूल. पण चार डोकी जमवायला आधी बर्फ लागतो. बीजिंगच्या वेळी ऑस्ट्रेलियात कर्लिंगसाठी राखीव असं रिंकच नव्हतं. तरी टाली गिल आणि डीन ह्युइट तिथवर पोचले, ऑलिंपिकमध्ये पदकासाठी कर्लिंग खेळणारे पहिले ऑस्ट्रेलियन. सात सामने हरले. मग कोविडची चाचणी आडवी आली, परतीचं सामान बांधून झालं. दुहेरीत राखीव खेळाडू नसतो, एकाला थांबवलं की संघच संपला. ऐनवेळी परवानगी मिळाली आणि शेवटच्या दिवशी त्यांनी स्वित्झर्लंडला आणि कॅनडाला हरवलं. मी ऑफिसात डबा उघडा ठेवून बघत होतो, शेजारचा ग्रीक सहकारी माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा. नऊत दोन विजय. कुठल्याही यादीत ते सापडणार नाहीत, पण मी पाहिलेत.

हिमवाट

आणि त्याच आठवड्यातलं आमचं दुःख. कॅनडाचे होमन आणि मॉरिस इटलीविरुद्ध जादा एंडमध्ये गेले. शेवटी कुणाचा दगड मध्याच्या जवळ हे डोळ्यांनी ठरेना, माप घ्यावं लागलं. ८-७ इटली. कॅनडा घरी, आणि इटलीची कॉन्स्टँतिनी-मोसानेर जोडी अकरापैकी अकरा जिंकून सुवर्ण घेऊन गेली. माप घेताना आमच्या क्लबातली माणसं श्वास धरून उभी होती. पातळ आमटीसाठी कुणी असं उभं राहत नाही.

रोखठोक, तुमच्या यादीला माझं उत्तर एवढंच. चौघांचं येतं म्हणजे दुहेरी येतं असं असतं, तर कॅनडाने ही स्पर्धा दर वर्षी नेली असती. गल्लीगल्लीत क्लब आहेत इथे. लॉज-मॉरिसने २०१८ ला ऑलिंपिक सुवर्ण आणलं, पण जागतिक मिश्र दुहेरीचं अजिंक्यपद २००८ ला सुरू झाल्यापासून २०२५ च्या फ्रेडरिक्टनपर्यंत कॅनडाला एकदाही मिळालेलं नाही. २०१७ ला घरच्या बर्फावर, लेथब्रिजला, अंतिम सामना हरलो. आणि २०२४ ला ऑस्टरसुंडला रौप्य कुणाचं? एस्टोनियाचं. काल्डवे आणि लिल. हंगेरी गायब झाली म्हणालात ना? दार बंद झालेलं नाही.

रोखठोक

कॅनडाला एकदाही नाही हे मला माहीत नव्हतं. रात्री यादी परत काढून बघितली. खरं आहे.

"पातळ आमटी" मागे घेतो. "बायकांना सामावून घ्यायला" हेही मागे घेतो, पण शटलराणींनी माझ्यावर जो हेतू लादला तो मान्य करून नव्हे. दोन्ही विजेतेपदं एका तोलाची आहेत हे मात्र अजून पटलेलं नाही. आणि कसोटीबद्दल मला जे वाटतं ते तसंच राहणार.

एडिनबर्गकर

माझंही मत तेच. फक्त पुढच्या महिन्यात क्लबात दुहेरीचा सराव आहे, बायको म्हणतेय नाव देऊ. शेवटचा स्टोन तिला हवाय.

खो_द्या

मॅटचा धागा काढलाय. हिमवाट, शब्द दिलाय तुम्ही.

शटलराणी

रोखठोक, हेतू लादला हे खरं असेल. रागात होते. तेवढं मागे घेते, बाकी काही नाही.

रविवारी मी मागे खेळणार, तू नेटपाशी थांब, असा जोडीदाराला मेसेज टाकलाय. सकाळी साडेनऊला. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर अजून नाही.