आजीच्या पेटीतून १७७६ चा अमेरिकन कागद निघाला, खरा असंल काय?

कापूसवाला_दारव्हा
नमस्कार मंडळी. माह्या आजीनं यवतमाळले अमेरिकन मिशनच्या बंगल्यावर पंधरा-सोळा वर्षं सयपाक केला, ते लोक परत जातानी त्याईनं तिले एक टिनाची पेटी देल्ली होती. यंदा जुनं घर पाडलं त ते पेटी निघाली. आत दोन-चार इंग्रजी पत्रं, शिलाई मशीनची पावती अन दोन वस्तू ज्याच्यापायी झोप उडाली. एक म्हंजे भला मोठा तपकिरी कागद, हात लावला का पापडावानी करकर वाजते, वर लिवलं हाये इन काँग्रेस जुलै ४, १७७६ अन खाली सह्याच सह्या. दुसरी एक छोटी नोट, तळहाताएवढीच, थ्री डॉलर्स, एक पक्षी दुसऱ्या पक्ष्याले खाली दाबून बसला अन मांगच्या बाजूनं झाडाचं पान. पोट्ट्यानं मोबाईलवर पाह्यलं त म्हने अमेरिकेत कोनाले तरी असाच कागद ४ डॉलरच्या फोटोमांगं सापडला अन करोडोत गेला. तवापासून घरात सोयाबीनचा विषय बंद, ट्रॅक्टरचा सुरू. उद्या तालुक्याले जाऊन दोन्हीचं लॅमिनेशन करून आनू काय?

जुनाकागद_अमरावती
लॅमिनेशन बिलकुल नको भाऊ!! आधी ते झेरॉक्सवाल्याचं दुकान डोक्यातून काढा. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की निघत नाही, वस्तू खरी असली तरी मातीमोल. सेलोटेप पण नको.

तुमचा मोठा कागद म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. ४ डॉलरची गोष्ट खरी आहे, तसाच एक १९८९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अॅडम्सटाऊनच्या जुन्या बाजारात घेतलेल्या फ्रेममागे निघाला होता, १९९१ ला लिलावात २४ लाख डॉलरच्या वर गेला आणि २००० साली तोच ८१ लाखांवर. पण तो डनलॅप नावाच्या छापखानेवाल्याने ४ जुलैच्या रात्री फिलाडेल्फियात छापलेला कागद होता, अंदाजे २०० काढले त्यातले आज २६ माहीत आहेत. त्यावर हाताच्या सह्या नाहीतच, खाली काँग्रेसचे, म्हणजे तेव्हाच्या त्यांच्या सभेचे, अध्यक्ष हॅनकॉक आणि सेक्रेटरी थॉमसन एवढी दोन नावं, तीही छापखान्याच्या खिळ्यांनी (अक्षरांच्या ठशांनी) छापलेली. तुमच्या कागदावर सह्याच सह्या आहेत म्हणजे तो ५६ सह्यांच्या मूळ प्रतीचा फोटो आहे. ती मूळ प्रत कातड्यावर लिहिलेली, सह्या बहुतेक २ ऑगस्टला झाल्या, आणि ती वॉशिंग्टनला नॅशनल अर्काइव्हजमध्ये काचेआड आहे. करकर वाजणारा पिवळा कागद म्हणजे सुवेनिर, मुद्दाम जुना केलेला. १९७६ ला त्यांच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली तेव्हा असे ढिगाने विकले गेले.

एकच शंका राहते, वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्टोन या कोरणाऱ्याचं नाव आणि १८२३ आहे का बघा. सरकारने त्याच्याकडून तांब्याच्या पत्र्यावर कोरून २०० प्रती कातड्यावर काढून घेतल्या होत्या. तसली एक नॅशव्हिलच्या जुन्या सामानाच्या दुकानातून अडीच डॉलरला घेतलेली २००७ मध्ये पावणेपाच लाख डॉलरला गेली. पण ती पापडासारखी वाजणार नाही.

संत्रा_वरुड
ट्रॅक्टर कॅन्सल समजा दारव्हावाले 😄 मी सांगतो माझं, दोन वर्षाआधी संत्र्याचा बार बऱ्या भावात गेला म्हणून डोकं फिरलं आणि ऑनलाइन एका विक्रेत्याकडून त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सहीचं पत्र घेतलं ११ हजारात, सर्टिफिकेट फिर्टिफिकेट सगळं होतं, बायकोला सांगितलं नव्हतं. घड्याळवाल्याचं भिंग आणून लावलं तर सही म्हणजे नुसते ठिपके, लग्नपत्रिकेवरच्या गणपतीच्या फोटोत दिसतात तसे. जुनी शाई लोखंडाची असते, ती कागदात मुरते, काळ्याची तपकिरी होते, रेघ जिथे जाड तिथे कधी कधी कागदच खाते. ठिपके दिसले की विषय खतम. आणि ठिपके नसले तरी लगेच नाचू नका, दीडशे वर्षाआधी रॉबर्ट स्प्रिंग म्हणून एकजण जुन्या कोऱ्या कागदावर वॉशिंग्टनच्या हातचं लिहून विकत होता, त्याच्या नकला लोक आता नकला म्हणूनच जमवून राहिले.

कापूसवाला_दारव्हा
घड्याळवाल्याचं भिंग आनलं. मोठ्या कागदावर ठिपकेच ठिपके, स्टोन-बिन काई नाई. बसलो मंग चूप.
पन नोट अलग हाये हो. ते वाजत नाई, जुन्या धोतरावानी नरम हाये. उन्हात धरली त बारीक बारीक चमकते, जशी नदीची रेती चमकते तशी, अन दोन-तीन निळे धागे दिसते. नंबर हातानं लिवला, सह्या दोन, एक लाल शाईची. तारीख मे ९, १७७६, अन युनायटेड कॉलनीज लिवलं हाये, स्टेट्स नाई.

जुनाकागद_अमरावती
थांबा थांबा. नोट खाली ठेवा आणि हात धुऊन या.
चमकतं ते अभ्रक. फिलाडेल्फियाचे हॉल अँड सेलर्स या नोटा छापत, नक्कल होऊ नये म्हणून कागदात अभ्रक आणि निळे धागे टाकत. मागचं पान ही बेंजामिन फ्रँकलिनची युक्ती, तोही छापखानेवालाच, खऱ्या पानाचा ठसा धातूत उतरवायचा, त्याच्या शिरा हाताने कोरणाऱ्याला कुठून जमणार. कॉलनीजचं (म्हणजे वसाहतींचं) पण जुळते, युनायटेड स्टेट्स हे मे १७७७ पासूनच्या नोटांवर आलं. नरम लागते कारण तेव्हाचा कागद लाकडाचा नव्हताच, कापसाच्या आणि जवसाच्या धाग्याच्या चिंध्या कुटून करायचे. म्हणजे आपल्याच वावरातला माल म्हणा 😊 तुमच्या हाताला तो बरोबर कळला.

तरी नुसत्या सांगण्यावरून मी खरी म्हणणार नाही, जाणकाराने हातात घेऊन पाहिली पाहिजे. आणि करोड विसरा. काँग्रेसने या नोटा इतक्या छापल्या, वरून इंग्रजांनी खोट्या घुसवल्या, की १७८१ पर्यंत त्यांना कोणी विचारेना. तीन स्पॅनिश डॉलर देऊ असं नोटेवर लिहिलंय पण देणार कोण. या नोटांना काँटिनेंटल म्हणत, म्हणून फुकट गेलेल्या वस्तूला तिकडे अजून 'काँटिनेंटलच्या लायकीची नाही' म्हणतात. पुष्कळ उरल्या म्हणून जमवणाऱ्यांना त्यातल्या त्यात परवडतात.

ठेवायची पॉलिएस्टर फिल्मच्या पारदर्शक पाकिटात, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत नाही. टिनाच्या छताखाली नको, मे महिन्यात तिथे भट्टी होते आणि पावसाळ्यात कसर लागते. नेफ्थलीनच्या गोळ्या कागदाला चिकटवून ठेवू नका. आणि कोणी बाहेरदेशी पाठवा म्हटलं तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारा, शंभर वर्षांवरच्या वस्तूला १९७२ चा कायदा आहे.

गावठाण_पुसद
नोटेचं होईल ते होईल, ती दोन-चार पत्रं कोनी कोनाले लिवली? मिशनवाल्यांची असतील त त्यात आपल्या भागाचं लय काही असते, दुष्काळ, प्लेग, कापसाचे भाव. मले नोटेपेक्षा त्येच वाचावं वाटून रायलं.

कापूसवाला_दारव्हा
पोट्टीले वाचाले लावलं. एकात लिवलं हाये का पावसानं रस्ता बंद, डाक आठ दिवस आली नाई, अन सयपाकीनबाईनं ज्वारीची भाकर शिकवली पन मेमसायबाची गोल होत नाई. म्हंजे आजीच ना हो ते! आईनं दोनदा वाचाले लावलं.
मोठा कागद पोट्ट्याच्या खोलीत लावला, त्यालेच करोड पाह्यजे होते. घड्याळवाला भिंगाचे ५० रुपये भाडं मांगून रायला.