भिगवणला कुरवांना शेव टाकणं बंद करा

पाणथळ :
कालची पोस्ट वाचली, "थंडीतल्या पाहुण्या पक्ष्यांना उपाशी ठेवू नका, भिगवणला जाताना शेव न्या, गॅलरीत बाजरी ठेवा". खाली प्रतिक्रियांत नुसत्या बदामाच्या इमोजी, म्हणून लिहितेय. अहो, कुरव म्हणजे सीगल, ते लडाख-तिबेटकडून भिगवणजवळच्या उजनी धरणावर येतात ते मासे खायला, तळलेलं बेसन खायला नाही. होडी निघाली की थवा मागे लागतो, कोणीतरी मूठभर शेव उधळतं, पक्षी एकमेकांच्या अंगावर पडतात, फोटो निघतात आणि उरलेली शेव तवंग धरून तशीच तरंगत राहते. दाणे ठेवायची पद्धत बर्फाच्या देशातली, तिकडे जमीन गोठते. आपल्याकडे थंडीत शेतं भरलेली असतात. त्यात थिरथिरा, माशीमार, वटवट्या हे किडे खाणारे, बाजरीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

उजनीकाठ :
ताई, आमच्या आज्याची जमीन धरणात गेली. आता मासळी पण पहिल्यासारखी घावत नाही, थंडीचे चार महिने होडीवर घर चालतं. पर्यटकच म्हणतात दादा पक्षी जवळ आणा, नाही आणले तर दुसऱ्या होडीत बसतात. आणि रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यात होडी घाला म्हणणारे मोठ्या लेन्सवालेच असतात, आधी त्यांना बोला.

खिडकीवाली :
शेवेचं मान्य. पण गॅलरीवर का घसरलात? माझे सासरे अंथरुणाला खिळलेत, सकाळी खिडकीत चिमण्या आल्या की तेवढाच त्यांचा चेहरा खुलतो.

शिवाजीपार्क :
चिमण्या येतात दोन आणि पारवे पन्नास! तुमच्या दाण्यांवर पोसलेली कबुतरं आमच्या एसीवर घाण करतात. माझ्या आईचा खोकला वर्षभर हटेना, शेवटी फुप्फुसांचा स्कॅन केला तेव्हा डॉक्टरांनी पहिलं विचारलं, घराजवळ कबुतरं आहेत का. ऑगस्ट २०२५ मध्ये पालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तर लोकांनी ती फाडली. कसली भूतदया ही?

खिडकीवाली :
आईंचं वाईट वाटलं, पण तो राग माझ्यावर काढू नका. मी चिमणीपुरत्या जाळीतच दाणे ठेवते, पारव्याची चोचही आत जात नाही.

शिवाजीपार्क :
जाळीतून खाली सांडतं त्याचं काय? खालच्या मजल्यावर राहून बघा एकदा.

हुरडा :
कबुतरांवरच चाललंय सगळं. आमच्याकडे सोलापुरात ज्वारी दाण्यात आली की भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) ढगच उतरतो, बघता बघता कणसं रिकामी. म्हातारी माणसं दिवसभर माळ्यावर गोफण घेऊन बसतात. पक्षी उपाशी आहेत म्हणणाऱ्यांनी एक दिवस रानात यावं.

पाणथळ :
हुरडा, भोरड्या किडेही फस्त करतात, तेवढं लक्षात घ्या. खिडकीवाली, जाळीचं ठीक आहे, चालू द्या, पण खाली परात ठेवा आणि रोज झाडा. दादा, तुमचं पोट होडीवर आहे हे कळतं, लेन्सवाल्यांचंही खरं आहे, त्यांना मीही बोलते. तरी शेव नकोच. पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात, मोर शराटी चिखलात चोची खुपसून चरते, हे लांबून दाखवा. तुम्ही प्रत्येक पक्षी नावानिशी ओळखता, लोक त्याचे पैसे देतील.

उजनीकाठ :
देतील तेव्हा देतील. यंदा माझ्या होडीत मी टाकणार नाही, पण गिऱ्हाइकाने पिशवीतून काढली तर हात धरायला सांगू नका.

पाणथळ :
हात नका धरू. होडीत बसायच्या आधी सांगा, पिशवी काठावर ठेवा म्हणून.