नेरूळ, सी विंग ग्रुप: पीसी सारखा बंद पडतोय

सी-७०२: कुणाच्या ओळखीत चांगला कॉम्प्युटरवाला आहे का, मुलाचा पीसी दिवसातून चारपाचदा निळी स्क्रीन येऊन बंद पडतो, स्टेशनजवळच्या दुकानातून दोनदा फॉरमॅट मारून आणला आता तो म्हणतोय मदरबोर्डच गेला 😐

सी-३०४: ताई स्क्रीनवर खाली स्टॉप कोड येतो तो दरवेळी एकच का?

सी-७०२: नाही, कधी मेमरी मॅनेजमेंट, काल पेज फॉल्ट काहीतरी. गेम पण इन्स्टॉल होईना, फाइल करप्ट म्हणे

सी-३०४: मग मला रॅमचा, म्हणजे पीसीच्या तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीचा, संशय येतोय. चिप खराब असली की ठेवलेलं एक आणि वाचलं जातं भलतंच, त्यामुळे कधी विंडोज आडवं पडतं कधी गेम, त्याला फॉरमॅट मारून काय होणार! मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, रिकाम्या पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरूनच पीसी चालू करा आणि रात्रभर सोडा. आणि तोवर जुन्या बॅकअपवर नवीन कॉपी मारू नका हां, तीही बिघडलेली निघू शकते

सी-७०२: विंडोजची मेमरी टेस्ट केली मुलाने, पास झाली

सी-३०४: तेवढ्यावर रॅम सुटली असं नाही

सी-५०१: खोडरबर!! पट्टी काढून सोनेरी दातांवर फिरवा, खाडीची दमट हवा आहे आपल्याकडे, माझा तेवढ्यानेच चालू झालेला

सी-३०४: काका बरोबर, पण वायर काढून आणि हलक्या हाताने, रबराचा भुगा स्लॉटमध्ये जायला नको

(दुसऱ्या दिवशी)

सी-७०२: खोडरबर करून मग मेमटेस्ट लावलं, सकाळी उठून बघते तर एररच्या लाल ओळीच ओळी 😳

सी-३०४: बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच उघडायचं सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम वाढीव स्पीडने चालवायचा पर्याय, चालू असेल तर बंद करून परत बघा, कधी पट्टी ठणठणीत असते, वाढीव स्पीड झेपत नाही एवढंच. तरी लाल आलं तर एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून टेस्ट करा, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये

सी-७०२: झालं. एक्सएमपी बंदच होतं. एक पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये लाल, दुसरी दोन्हीकडे पास. सध्या एका ८ जीबीवर चालू आहे, दुपारपासून एकदाही पडला नाही 🙏

सी-३०४: वाचला मदरबोर्ड 😄 आता पट्टीवरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका, बऱ्याच रॅमला लाइफटाइम वॉरंटी असते. जोडीचा किट असेल तर दोन्ही पट्ट्या मागतील कदाचित

सी-७०२: म्हणजे थोडे दिवस पीसी बंद? मागू देत, शुक्रवारी गणिताचा पेपर आहे