१९६९ च्या कॅमारोला १८ इंची चाकं? माझं मत: नको

वुडवर्डवाला

मंडळी, मी डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये राहतो. चार वर्षांपासून माझ्याकडे शेव्रोलेची १९६९ ची कॅमारो आहे, ३५० क्युबिक इंचांचं इंजिन, चार गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. गेल्या हिवाळ्यात एका दुकानवाल्याने पटवलं म्हणून मी १८ इंची रिम, २४५/४० चे टायर (२४५ मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या ४० टक्के) आणि पुढे कॉइलओव्हर (शॉकअपवरच स्प्रिंग असलेला संच) घालून घेतले, गाडी दोन इंच खाली बसवली, आणि दिसायला खरंच देखणी झाली होती. मग एप्रिल आला. इथं हिवाळाभर पाणी डांबरात मुरून गोठतं, वितळतं, परत गोठतं, आणि वसंतात रस्ते फुटतात. ऑफिसला जाताना पुढचं उजवं चाक एका खड्ड्यात आदळलं. घरी येऊन हात फिरवला तर रिमची आतली कड वाकलेली आणि टायरच्या पोटाला लिंबाएवढं टेंगूळ.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. १५ च्या रिमवर २३५/६० टायर घातला तर रिमपासून रस्त्यापर्यंत १४१ मिलिमीटर रबर असतं, १८ वर २४५/४० घातला की ९८. बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच, २६ इंचांच्या आसपास, म्हणजे लोखंड वाढलं आणि रबर गेलं. ही गाडी ज्या काळात बनली तेव्हा निम्मं सस्पेन्शन टायरच्या पोटातच होतं असं म्हणा हवं तर. म्हणून मी आता १५ बाय ७ चे रॅली व्हील, चांगले गॅसचे शॉकअप, पुढे जाड स्वे बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) आणि सगळे रबरी बुश नवे, एवढ्यावरच थांबणार. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी मोकळेपणानं सांगा.

एलेकर

दादा, मान राखून सांगतो, मला अजिबात पटलं नाही. खड्ड्याचा राग तुम्ही रिमच्या व्यासावर काढताय. दोन इंच खाली बसवल्यावर पुढचा कंट्रोल आर्म (चाकाला फ्रेमशी जोडणारा हात) बंप स्टॉपपासून, म्हणजे त्याची हालचाल अडवणाऱ्या रबरापासून, किती लांब राहिला होता ते मोजलं का? सस्पेन्शनला वर जायला जागाच उरली नसेल तर सगळा दणका टायर आणि रिमच घेणार, मग १५ घाला नाहीतर १८.

आणि १५ च्या मापात टायर आहेत कुठे? बहुतेक जण पांढऱ्या अक्षरांचे बीएफगुडरिचचे रेडियल टी/ए घेतात, दिसतात झकास, पण त्यांचं वेगाचं रेटिंग एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचं, ट्रेडवेअर (झीज सोसण्याचा आकडा) ४००, रबर कडक. मी लॉस एंजेलिसजवळ अँजेलिस क्रेस्टच्या घाटात माझी १९६८ ची कॅमारो चालवतो, आधी याच टायरवर चालवायचो, उतारावरच्या वळणात पुढचं टोक नुसतं बाहेर पळत जायचं आणि स्टेअरिंगमधून काहीच कळायचं नाही. १७-१८ वर गेलो आणि २०० ट्रेडवेअरचे टायर घातले तेव्हा गाडी सांगू तिथं वळायला लागली. तुमच्या सोयीपेक्षा मला समोरून येणाऱ्याचा जीव मोठा वाटतो.

अजून एक, मनाला लागलं म्हणून लिहितो. १८ ची रिम घातली आणि आत ड्रम तसेच ठेवले? १३ इंची डिस्क बसावी म्हणून तर लोक १७ किंवा त्याहून मोठ्या रिमवर जातात. एवढे पैसे घातले आणि थांबण्याची सोय १९६९ चीच ठेवली.

ओहायोची ताई

तुम्ही दोघं रिमवरून भांडताय आणि खरं दुखणं वरच्या कंट्रोल आर्ममध्ये आहे. मी सुट्टीच्या दिवशी ऑटोक्रॉस करते, कोन मांडून वेळ लावतात ते, आणि माझ्याकडे अशीच पहिल्या पिढीची कॅमारो आहे म्हणून ठामपणे सांगते.

या गाडीची पुढची रचना त्या काळच्या बायस-प्लाय (आत तिरके धागे असलेल्या) टायरसाठी होती. वळणात बॉडी कलली, बाहेरचं चाक वर गेलं की चाकाचं डोकं आत कलायला पाहिजे, या गाडीत ते उलट बाहेर कलतं. मग टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो आणि रुंद टायरचा अर्धा भाग फुकट जातो. माझ्या जुन्या टायरची बाहेरची कड पार गुळगुळीत आणि आतल्या बाजूला नक्षी नव्यासारखी, पंधराशे मैलांत. त्यावर जुना उपाय म्हणजे गुल्डस्ट्रँड मॉड, कॉर्व्हेट रेसिंगवाले डिक गुल्डस्ट्रँड यांच्या नावानं ओळखला जातो, वरच्या आर्मची भोकं नव्या जागी पाडून आर्मची बैठक खाली आणायची. भोकं पाडायची नसतील तर उंच बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) घाला, बरंचसं काम होतं.

आणि अलाइनमेंट! जुन्या पुस्तकात कास्टर (बाजूनं बघितलं तर चाक वळण्याचा अक्ष किती मागे कललाय तो कोन) अर्ध्या-एक डिग्रीच्या आसपास दिलाय, दुकानवाला मशीनवर तेच वाचून सेट करून देतो. आजच्या रेडियल टायरला चार-पाच डिग्री पॉझिटिव्ह द्या, हायवेला गाडी नाकासमोर सरळ जाते. वरच्या आर्मच्या शाफ्टमागे पातळ शिमच्या चकत्या असतात, त्यांचाच खेळ आहे सगळा. मागच्या चकत्या वाढवल्या, पुढच्या काढल्या की आर्म मागे सरकतो. एवढ्यानं भागलं नाही तर ऑफसेट शाफ्टचे आर्म घ्यावे लागतात. दादा, तुमचं अलाइनमेंट कोणत्या आकड्यांवर आहे ते लिहा, मग रिमचं बोलू.

वुडवर्डवाला

एलेकर, ताई, दोघांचे आभार, आज गॅरेजमध्ये जॅकवर घेऊन बघितलं. खालच्या आर्मच्या बंप स्टॉपचं रबर एका जागी घासून चकचकीत झालंय आणि फ्रेमवर तेवढाच काळा ठसा. गाडी उभी असताना मधे माझं एक बोट जेमतेम जातं. म्हणजे एलेकर, खड्ड्याचा निम्मा दोष खाली बसवण्याचा, हे मान्य. ड्रमचंही मान्य, ते मी आधी करायला हवं होतं. अलाइनमेंटचा कागद काढला, कास्टर ०.५, अगदी ताई म्हणतात तेच.

पण १८ चं अजूनही मान्य नाही. १९६९ मध्ये कारखान्यातून पुढे ११ इंची डिस्क मिळायची, ती १५ च्या रिममध्ये आरामात बसते. मी घाटात पळवत नाही, ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जातो, शनिवारी पोरीला घेऊन आइस्क्रीमला जातो. त्यासाठी १३ इंची डिस्क कशाला?

कोल्हापूरचा पाटेवाला

राम राम. आमचं पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) दुकान आहे, ट्रक आणि जीप. अशी गाडी मी फोटोतच बघितलीय, पण मागे पाटे आहेत म्हटल्यावर चार शब्द लिहितो. तुम्ही सगळे पुढच्याच बाजूचं बोलताय. दादा, मागची गाडी खाली कशी आणली? पाटा आणि अॅक्सलच्या मधे ठोकळा घातला असेल तर तो आधी काढा. ठोकळ्यानं पाट्यावर पिळण्याचा जोर वाढतो, रेस दिली की पाटा एसच्या आकारात वाकतो, सुटतो, परत वाकतो आणि चाक जागेवर उड्या मारतं. उंची कमीच करायची तर कमी कमानीचे पाटेच घ्या. आणि दोन्ही बाजू एका सपाटीवर मोजा, ड्रायव्हरच्या बाजूचा पाटा बसलेला असतो हे आम्हाला रोज दिसतं.

ओहायोची ताई

काका, अगदी बरोबर. १९६७ च्या कॅमारोला मागे दोन्ही बाजूंना एकच पाटा होता आणि दोन्ही शॉकअप अॅक्सलच्या एकाच बाजूला, त्यामुळे ती फार उड्या मारायची. १९६८ ला कंपनीनं एक शॉकअप अॅक्सलच्या पुढे आणि एक मागे लावला, आणि ताकदवान इंजिनांना अनेक पाट्यांचा संच दिला. दादांच्या गाडीला काय आहे ते खाली वाकून मोजावं लागेल.

वुडवर्डवाला

काका, ठोकळाच आहे. दोन इंची. चार पाटे आहेत, उजव्यापेक्षा डावीकडे अर्धा इंच गाडी खाली. ठोकळा काढतोय.

नवखा न्यूजर्सी

मी अजून गाडी शोधतोय. मला स्वस्तात बीएमडब्ल्यूचे १७ चे रिम मिळतायत, पाच बोल्टचेच आहेत, कॅमारोला चालतील ना?

एलेकर

भाऊ, नाही! जुन्या पाच बोल्टच्या बीएमडब्ल्यूंचं बोल्टचं वर्तुळ बहुतेक १२० मिलिमीटर, कॅमारोचं पावणेपाच इंच म्हणजे १२०.६५. हातानं बसल्यासारखे वाटतात, पण नट रिमच्या मधोमध बसत नाही आणि स्टड कायम वाकडा ताणला जातो. चाक निखळलं तर काय होईल विचार करा. आणि नुसता व्यास बघू नका, बॅकस्पेसिंग मोजा. रिम पालथा ठेवा, कडांवर आडवी सरळ पट्टी ठेवा, पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत किती ते बघा. १५ बाय ७ ला सव्वाचार इंचांपर्यंत या गाडीला सहसा त्रास नाही.

दादा, तुम्हाला शेवटचं विचारतो, १७ वर का नाही? २४५/४५ घातला तर ११० मिलिमीटर रबर उरतं, टायर चांगले मिळतात, पुढे मोठी डिस्क घालायची वाट मोकळी राहते. पोरगी शेजारी बसते म्हणता, एखादं हरीण आडवं आलं तर आइस्क्रीमचा रस्ता आणि घाट यात काही फरक नसतो.

वुडवर्डवाला

हरणाचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण गेल्या ऑक्टोबरमध्ये खरंच आलं होतं आणि ड्रमनं गाडी डावीकडे ओढली होती. तरीही ३१ मिलिमीटर रबर सोडायला मी तयार नाही, इथले रस्ते तुमच्यासारखे नाहीत. पैसे या क्रमानं घालतोय: पुढे ११ इंची डिस्क आणि ब्रेकचा नवा मास्टर सिलिंडर, मग उंच बॉल जॉइंट आणि स्प्रिंग बदलून गाडी एक इंच वर, मग पाटे, आणि टायर सगळ्यात शेवटी. टायर घेताना साइडवॉलवरचे चार आकडे बघूनच घेणार, बनल्याचा आठवडा आणि वर्ष, कारण या मापाचे टायर दुकानात पडून राहतात.

एलेकर

क्रम उत्तम आहे, टायरवर अजून माझा विरोध आहे. डिस्क बसली की रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी ५० किलोमीटरच्या वेगानं दहा वेळा ब्रेक मारून बघा, गाडी सरळ थांबते का ते इथं लिहा.

वुडवर्डवाला

लिहितो. पार्ट येत्या आठवड्यात येतायत.